नाडी लोंबणारा सुपरमॅन

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. वाचक अभ्यंगस्नान आटोपून, चिवड्याची बशी मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याला काहीतरी गोड द्यावे, फार तर चिमूटभर तिखट. हा संकेत मी आजवर पाळला. पण यंदाचे माझे भांडण दिवाळीतच जन्माला आले, आणि तेही पोरांच्या किल्ल्यावर. ते मी दुसऱ्या कोणत्या अंकात नेऊन मांडू?

गोष्ट गेल्या दिवाळीची. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत पोरांनी किल्ला केला. विटा, दगड, गोणपाट, लाल माती, वर मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. माथ्यावर महाराज सिंहासनावर बसलेले, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. आणि खाली दिंडी दरवाज्यापाशी एक हात मोडलेला प्लॅस्टिकचा सुपरमॅन! आमच्या शेजारी एक निवृत्त अधिकारी राहतात. वाचन दांडगे, परदेशी चित्रपटांचा व्यासंग त्याहून दांडगा. ते किल्ल्यापाशी थबकले, चष्मा सावरून म्हणाले, "हे ध्यान इथे कशाला? काढून टाका ते." किल्लेदार नऊ वर्षांचा होता. तो शांतपणे म्हणाला, "असू दे की काका. महाराजांच्या चाकरीला लागलाय त्यो. पहारा देतोय."

मी मोठ्याने हसलो. ते हसले नाहीत. आणि इथेच आमचे बिनसले.

त्या पोराने एका वाक्यात जो चमत्कार केला, त्याला साहित्यात विडंबन म्हणतात. साऱ्या पृथ्वीला संकटातून सोडवणारा तो गगनविहारी गोरा वीर. त्याला आमच्या दिंडी दरवाज्यावर भाला न देताच पहारेकरी म्हणून उभा केला! यात कोणाचा अपमान झाला? महाराजांचा नव्हे. सुपरमॅनचा म्हणाल, तर त्याला निदान नोकरी लागली. मी शेजाऱ्यांना म्हटले, "अहो, हेच तर मालेगावकरांनी केले." त्यावर त्यांनी नाक मुरडले आणि म्हणाले, "तो पाचकळपणा? ती तर उघड चोरी. अर्थात त्या बिचाऱ्यांची जिद्द मात्र कौतुकास्पद आहे हो!"

चोरी आणि बिचारे! एका दमात दोन अन्याय. यांतला पहिला मला सहन होतो. दुसरा होत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठी. आपली इचलकरंजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मालेगाव समजावून सांगायला नको. तोच यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट, तीच हवेत तरंगणारी सुताची तुसे, तीच बारा-बारा तासांची पाळी. फरक एवढाच, की तिथल्या बहुसंख्य मागवाल्यांची सुट्टी शुक्रवारची, आणि त्या सुट्टीत माणूस नमाज पढून सरळ सिनेमाला जातो. वर्तमानपत्रांतून आपल्याला हे गाव ठाऊक झाले ते दंगलींमुळे आणि बॉम्बस्फोटांमुळे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत तिथे तीसहून अधिक माणसे गेली. तो दिवसही शुक्रवारच होता. ज्या गावाचे नाव उच्चारताच आपण आवाज खाली आणतो, ते गाव स्वतः मात्र गेली पंचवीस वर्षे हसण्याचा धंदा करीत आले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

नासिर शेख हे तिथे व्हिडिओ पार्लर चालवीत. लोकांनी पाहिलेले सिनेमे पुन्हा दाखवता दाखवता त्यांना वाटले, आपणच एक का काढू नये? सन २००० च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. लग्नाच्या चित्रणाचा अनुभव, गावातलेच नट, आणि खर्च जेमतेम पन्नास हजारांच्या घरात. गावाने तो डोक्यावर घेतला. मग त्यांच्या डोक्यात आला 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यासाठी त्यांनी निवडला शफीक शेख नावाचा मागावरचा कामगार. अंगाने काडी. वाऱ्याने उडेल असाच; त्यामुळे उडण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला! या सुपरमॅनला दम लागतो. त्याच्या पायांत स्लिपर असते, आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबत असते. त्याचा वैरी तर अस्सल आपल्या मातीतला: त्याला अणुबॉम्ब नको, पृथ्वीचे राज्य नको, त्याला घाण प्रिय आहे, गावभर तंबाखूच्या पिचकाऱ्या पडाव्यात एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. वाचकहो, हा खलनायक तुम्ही कधी पाहिलाच नाही, असे छातीवर हात ठेवून सांगू शकता?

चित्रणाची साधने विचाराल तर कॅमेरा फिरवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. आकाशात उडण्यासाठी पाठीमागे हिरवे कापड, आणि सुपरमॅनला पोटावर आडवे टांगलेले. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला आणि काम थांबले. मध्येच सुपरमॅनचे लग्न ठरले आणि काम पुन्हा थांबले. हे सारे फैझा अहमद खान यांनी २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपले आहे. देशातल्या चित्रपटगृहांत तो लागला २०१२ साली. तोवर शफीक राहिला नव्हता; कर्करोगाने त्याला भर तारुण्यात नेले.

आता चोरीचे पाहू.

सुपरमॅन जन्मला अमेरिकेत, १९३८ साली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याला जन्म दिला, दोघेही स्थलांतरित ज्यू घरांतले, क्लीव्हलंड शहरात वाढलेले. एकजण लिहायचा, दुसरा चित्रे काढायचा. त्या चित्रकथेचे सगळे हक्क त्यांनी प्रकाशकाला विकले ते १३० डॉलरांना. पुढे त्या बाळाने प्रकाशकांच्या आणि सिनेमावाल्यांच्या किती पिढ्या पोसल्या याचा हिशेब करायला माझे मॅट्रिकचे गणित पुरणार नाही. बापांनी मात्र उतारवयापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९७८ साली त्याच सुपरमॅनवर साडेपाच कोटी डॉलर खर्चून चित्रपट निघाला. अशा या इतिहासात चोर शोधायचा आणि तो सापडायचा कुठे, तर मालेगावात, मागाच्या खडखडाटात, स्लिपर घातलेला!

आणि पाचकळपणा? कोणाचे सोंग घ्यायचे नाही, कोणाची टर उडवायची नाही, हा सोवळेपणा मराठी माणसाने केव्हापासून अंगीकारला? आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली आली. अत्रे तेव्हा शाळामास्तर होते. (मास्तर लोक मुळात वाह्यातच, असे कोणी म्हणेल तर मी हरकत घेणार नाही.) त्या काळी रविकिरण मंडळाचा केवढा दबदबा! त्यातले माधव जूलियन तर पुढे आमच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या मंडळींच्या कवितेची केशवकुमारांनी अशी काही फिरकी घेतली की महाराष्ट्र खो-खो हसला. आज ते पुस्तक मराठीतले एक लेणे मानले जाते. मानावेच. पण मला एवढेच विचारायचे आहे, की पुण्यातल्या पदवीधराने पुण्यातल्या पदवीधरांचे केले तर विडंबन, आणि मालेगावच्या मागवाल्याने हॉलिवूडचे केले तर पाचकळपणा, हा निवाडा कोणत्या कायद्याने?

तमाशातली गवळण आठवा. साक्षात श्रीकृष्ण रस्ता अडवून उभा, आणि त्याच्याशी हुज्जत कोण घालते? पुरुषानेच नेसलेल्या लुगड्यातली मावशी! देवाला ती काय काय बोलते हे या अंकात छापण्याजोगे नाही. समोर बसलेला शेतकरी पोट धरून हसतो आणि एकादशीला तोच शेतकरी विठोबाच्या पायांवर डोके ठेवतो. त्याची भक्ती त्या हसण्याने तसूभर उणी होत नाही. मालेगावचेही तेच आहे. सिनेमावर ज्यांचा जीव जडला आहे, त्यांनाच त्याची अशी नक्कल साधते. ज्याला आईचा आवाज पाठ असतो तोच तिची नक्कल करतो. शेजारणीची कोण करत बसतो?

हे सगळे मी शेजाऱ्यांना ऐकवले. ते शहाणे गृहस्थ आहेत. त्यांनी चोरी मागे घेतली, पाचकळपणाही थोडा मागे घेतला. 'बिचारे' मात्र मागे घेईनात. उलट म्हणाले, "अहो, मी तर त्यांच्या बाजूचाच आहे." माझी खरी तक्रार या बाजूच्या माणसांविषयी आहे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' देशभर प्रदर्शित झाला. नासिर, शफीक आणि त्यांचा लेखक मित्र फरोग यांची ही कथा. चित्रपट जीव ओतून केलेला आहे; त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे, तो पाहून बाहेर पडलेल्या आपल्याशी. मी गेलो त्या खेळाला मोजून तीस-चाळीस माणसे असतील. शेवटी सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही. बाहेर पडताना एक बाई रुमाल टिपत म्हणाल्या, "किती गरीब ना! आणि तरी किती जिद्द!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी न राहवून विचारले, "यांचा तो मूळ 'मालेगाव का सुपरमॅन' आपण पाहिलाय का हो?" कोणी पाहिला नव्हता. पाहावा असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

काय गंमत आहे पाहा. माणसांनी एक विनोद केला. त्या विनोदावर माहितीपट झाला. पुढे त्याच माणसांवर कथापट झाला. आपण माहितीपट पाहिला, कथापट पाहिला, दोन्हीकडे रडून घेतले. विनोद मात्र ऐकलाच नाही! एखाद्याने पंगतीत फर्मास किस्सा सांगावा आणि ऐकणाऱ्यांनी न हसता त्याच्या सदऱ्याला लावलेल्या ठिगळाकडे पाहून हळहळावे, तसे हे झाले. सांगणाऱ्याला काय वाटेल? तो तर हसवायला आला होता. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मीसुद्धा आधी माहितीपटच पाहिला आणि 'बिचारे' म्हणालो. मग लाज वाटली म्हणून मूळ चित्रपट पाहिला. त्यात काही विनोद सपशेल आपटतात आणि काही प्रसंग उगाच लांबतात. पण जिथे हसू येते तिथे ते दयेने येत नाही.

कारण त्या चित्रपटाची गरिबी ही त्यातली उणीव नाही. विनोद सगळा तिच्यातच आहे. अमेरिकेतले लोक दोरी दिसू नये म्हणून कोट्यवधी डॉलर ओततात. मालेगावचा सुपरमॅन दोरी दाखवतो, नाडी दाखवतो, आणि आपल्याला विचारतो: बाबा, मी जगाला वाचवायला आलो खरा, पण तुमच्या गावात मला श्वासच घेता येत नाही, त्याचे काय? हा प्रश्न त्या साडेपाच कोटी डॉलरांच्या सुपरमॅनला कधी पडला का? पडणार नाही. त्याच्या फुप्फुसात सूत गेलेले नाही. नासिर शेखांना उद्या कोणी शंभर कोटी दिले आणि त्यांनी शफीकसारख्याच्या अंगावर रबराचे स्नायू चढवले, तर तो चित्रपट सुधारणार नाही, मरेल.

आणि कोल्हापूरकरांनी तर दुसऱ्याच्या तुटपुंज्या साधनांकडे दयाबुद्धीने पाहावे, याची मला विशेष मौज वाटते. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण रोज ओलांडतो. तो कशाचा आहे? दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' पाहून आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंना वेड लागले. कॅमेरा विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून कॅमेराच घरी करायचा! १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. खुद्द फाळके तर मालेगावच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना त्यांनी लुगडे नेसवले. नासिर शेखांनाही गावातली बाई मिळाली नाही, बाहेरून आणावी लागली. फाळके आणि बाबूराव पेंटर हे आपले पूर्वज, आणि मालेगावकर हे बिचारे! शंभर वर्षे लोटली की जुगाडाचे स्मारक होते, एवढाच याचा अर्थ असेल तर मला पुढे बोलायचे नाही.

पण बोलायचे आहे. कारण आता माझ्या घरचे येते.

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिक, वर चित्रकलेची पदविका. कादंबऱ्या लिहितो हा माझा दुसरा अपराध. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी सातवीतल्या पाच मुलांनी स्वतः एक प्रहसन बसवले: 'पंचगंगेचा सुपरमॅन'. लिहिणारा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्याच्या प्रहसनात सुपरमॅन क्रिप्टन ग्रहावरून उडत येतो आणि पंचगंगेत बुडी मारतो तो केंदाळात गुरफटूनच बाहेर निघतो. तेवढ्यात पूर येतो. सुपरमॅन माणसे वाचवायला धावतो, तर तलाठी त्याला अडवतो: "आधार कार्ड आणलंय? गाव कोणतं? क्रिप्टन? तालुका सांगा." सुपरमॅन पंचनाम्याच्या रांगेत उभा राहतो. त्याचा नंबर लागेपर्यंत पूर ओसरतो. शेवटी उडायची ताकद राहत नाही, तेव्हा तो कंडक्टरकडे एस.टी.चे तिकीट मागतो आणि सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो. तालमीला मी हसून हसून खाली बसलो होतो. त्या पाचांतल्या तिघांच्या घरात २०२१ च्या जुलैत छातीएवढे पाणी होते. तलाठ्याची ती रांग त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी प्रहसन रद्द झाले. कारणे तीन सांगितली. पाहुण्यांपुढे पँटवर चड्डी बरी दिसत नाही. सरकारी माणसांची थट्टा अंगाशी येईल. आणि तिसरे, जे मला सर्वांत झोंबले: खांद्याला आंघोळीचा लाल पंचा बांधून नाटक करणे शाळेच्या दर्जाला शोभत नाही. त्याऐवजी सिनेमातल्या गाण्यावर समूहनृत्य बसले. भाड्याचे चकचकीत पोशाख, प्रत्येकी पाचशे रुपये. सुपरमॅन होणाऱ्या मुलाच्या घरून पाचशे आले नाहीत. त्याने त्या संध्याकाळी पडदा ओढण्याचे काम केले. चांगले केले.

मी काय केले? मी गप्प बसलो. नोकरी, संसार, घराचे हप्ते. सबबी तुम्हाला ठाऊकच आहेत. दुसऱ्या दिवशी त्या लिहिणाऱ्या मुलाने प्रहसनाची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडंच असू दे." त्यानंतर त्याने काही लिहिल्याचे माझ्या कानावर नाही. आता तो नववीत आहे. वर्गात पुन्हा तोंड उघडत नाही.

म्हणून शेजाऱ्यांच्या त्या 'काढून टाका' वर मी इतका उसळलो. ते वाक्य मी आधी एकदा ऐकले होते, आणि मान खाली घालून ऐकले होते. पोरांच्या किल्ल्यावरचा सुपरमॅन काढणारा हात आणि संमेलनातला लाल पंचा काढणारा हात एकच. तोच हात पुढे मोठा होऊन चित्रपटगृहात रुमाल काढतो. आधी हसू द्यायचे नाही. आणि इतक्यावरही कोणी हसलाच, तर त्याच्या जिद्दीचे कौतुक करायचे!

यंदाच्या संमेलनाच्या यादीत मी प्रहसन पुन्हा घातले आहे. अर्ज लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. मुख्याध्यापक बदलले आहेत. नवे अजून 'पाहू' म्हणताहेत. वही त्या मुलाला परत केली तेव्हा त्याने ती उघडली नाही, पण परवा मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत येऊन विचारले, "सर, तलाठ्याच्या जागी आता ॲप घालू का? फॉर्म भरताना सारखं बंद पडणारं?" मी म्हटले, घाल. पंचा माझ्या घरचा आहे. चड्डी गुजरीतल्या दुकानातून आणली, तिला नुसते इलॅस्टिक होते. ते उसवून काल रात्री मी स्वतः नाडी ओवली. बायकोने पाहिले आणि विचारले, "इतकी लांब कशाला?"

मी म्हटले, "मागच्या रांगेतून दिसायला पाहिजे."